खानदेशातील ताम्रपाषाणयुगीन दफने आणि अस्थिवृद्धीचे शास्त्र

खानदेशाच्या प्रागितिहासाचे संशोधन मुख्यत्वे मृत्पात्रांच्या आधारे झाले आहे. १९५४-५५ मध्ये तत्कालीन पश्चिम खानदेशातील प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी उत्खनन केले. १९५२-५३ व १९५६-५७ मध्ये म. न. देशपांडे यांनी गिरणाकाठचे बहाळ उत्खनिले. नदीपलीकडील टेकवाडे येथे ताम्रपाषाणयुगीन दफने उघडकीस आली. जोर्वे संस्कृतीचे लोक मृत बालकास दोन कुंभांत, तोंडास तोंड लावून, घराच्या भुईखाली पुरीत, हे नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील पुराव्यावरून सिद्ध झाले आहे. कुंभांइतकेच त्यांतील अस्थीही इतिहासाचे साधन होत. मात्र ते वाचण्यास अस्थी कशी घडते हे जाणले पाहिजे.

हे ज्ञान क्रमाक्रमाने प्राप्त झाले. मंजिष्ठा खाल्लेल्या डुकरांची हाडे तांबडी होतात, असे जॉन बेल्चिअर यांनी १७३६ मध्ये नोंदविले. दुहामेल यांनी पुढे प्रयोगांनी दाखविले की, हाडावर बाहेरून नवे थर चढतात. गेगेनबाउर यांनी १८६४ मध्ये अस्थिजनक कोशिकांचे व कोलिकर यांनी १८७३ मध्ये अस्थिभक्षक कोशिकांचे कार्य विशद केले.

गर्भावस्थेत लांब हाडांचा आराखडा प्रथम कूर्चेचा असतो. तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि अस्थिजनक कोशिका प्रथिनतंतूंचे जाळे विणून त्यावर कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक बसवितात. स्वतःच रचलेल्या द्रव्यात त्यांपैकी काही गाडल्या जाऊन अस्थिकोशिका बनतात. अस्थिभक्षक कोशिका जुने द्रव्य विरघळवितात. हाडाच्या टोकाजवळील कूर्चापट्ट सतत नव्या कोशिका निर्मीत असल्याने हाड लांब होते. यौवनानंतर तो पट्ट अस्थिमय होऊन वाढ थांबते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकातील अस्थिकेंद्र जन्माच्या सुमारास दिसू लागते. म्हणूनच ते नवजात अर्भक ओळखण्यास उपयोगी पडते.

आजार वा उपासमार यांनी ही वाढ मंदावते. दातांवरून ठरविलेले वय आणि हाडांची लांबी यांची तुलना केल्यास ती मंदगती कळून येते. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील बालास्थींचा असा अभ्यास केला आहे. तथापि एक मर्यादा ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे: कुंभांतील बालके मृत झालेली होती, त्यांच्यावरून जगलेल्यांच्या प्रकृतीचे अनुमान सरळ काढता येत नाही.

खानदेशापुरता या विवेचनाचा निष्कर्ष व्यावहारिक आहे. बालकांच्या हाडांची सुटी टोके खड्यांसारखी दिसतात व सहज फेकली जातात. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील पुढील उत्खननांत प्रत्येक कुंभातील माती बारीक चाळणीने चाळणे अवश्य होय; अन्यथा बालकाचे वय सांगणारा पुरावाच मातीबरोबर टाकला जाईल.