बिनवादीचा फुटबॉल

30 जुलै 1930. माँटेव्हिडिओत फुटबॉलच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना, उरुग्वे विरुद्ध अर्जेंटिना. खेळ सुरू होण्याआधीच वाद पेटला तो चेंडूवरून. दोघांनाही आपापल्या देशातलाच चेंडू हवा होता. अखेर तोडगा निघाला: पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने, उत्तरार्ध उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना 2-1 ने पुढे होती. चेंडू बदलला आणि उरुग्वेने सामना 4-2 असा जिंकला. हार चेंडूमुळेच झाली असे मी म्हणणार नाही, पण त्या हट्टामागे काय होते हे समजायला त्या काळचा चेंडूच उलगडून पाहावा लागतो.

बाहेर जाड चामड्याच्या शिवलेल्या पट्ट्या, आत रबरी ब्लॅडर. ब्लॅडरला नळीसारखी मान. चामड्याला ठेवलेल्या चिरेतून ती मान बाहेर काढायची, हवा भरायची, मान घट्ट बांधून आत दडपायची आणि वरून चामड्याच्या वादीने चीर आवळायची. अर्जेंटिनात या वादीला ‘तिएन्तो’ म्हणतात. चेंडू कितीही निगुतीने शिवला तरी त्या जागी फुगवटा यायचा. त्यावर पडलेला टप्पा भलतीकडेच उडे. पावसात चामडे पाणी पिऊन जड होई आणि असा चेंडू डोक्याने मारताना वादी नेमकी कपाळावर बसली तर कातडी सोलून निघे. त्या काळच्या छायाचित्रांत काही खेळाडूंच्या डोक्यावर टोपी दिसते, ती केवळ उन्हासाठी नव्हती.

या वादीचा कायमचा बंदोबस्त झाला तो कोर्दोबा प्रांतातल्या बेल व्हिल या लहान गावात. गावाचे जुने नाव फ्राइले मुएर्तो, म्हणजे ‘मेलेला मठवासी’. 1931 साली तिथल्या रोमानो पोलो, अंतोनिओ तोसोलिनी आणि हुआन वाल्बोनेसी या तिघांनी बिनवादीचा चेंडू तयार केला. तिघांची आडनावे इटालियन वळणाची. त्या पिढीत इटलीहून आलेल्या घराण्यांनी अर्जेंटिनाची शहरे, शेते आणि कारखाने भरून गेले होते.

त्यांची युक्ती ऐकायला सोपी वाटते. ब्लॅडरची लांब मानच काढून टाकायची आणि तिच्या जागी आतल्या आत बंद होणारी झडप बसवायची. मग चामड्याला चीर हवी कशाला? सुई जाईल एवढे छिद्र पुरते. पंपाची सुई खुपसा, हवा भरा, सुई काढा. झडप आपोआप मिटते. चीर गेल्यावर शिवणही आत लपवता आली. चेंडू सर्व बाजूंनी सारखा झाला, टप्पा सरळ पडू लागला, डोक्याने मारणे निर्धास्त झाले. हवेत आलेला चेंडू कपाळावर घेण्याची कला या खेळात पुढे इतकी फुलली, त्यात या तिघांचा वाटा मला फार मोठा वाटतो.

चेंडूचे नाव ठेवले ‘सुपरबॉल’. अर्जेंटिनाच्या साखळी सामन्यांत तो लवकरच रुजला. युरोप मात्र अजून वादीशीच झुंजत होता. 1934 च्या इटलीतल्या विश्वचषकात चामड्याच्या वादीऐवजी मऊ सुती नाडी आली, म्हणजे इजा कमी झाली, पण चीर राहिलीच. 1938 च्या फ्रान्समध्येही नाडी होतीच. बिनवादीचा चेंडू विश्वचषकात उतरला तो 1950 साली ब्राझीलमध्ये, आणि त्यावर नाव होते सुपरबॉलचेच.

बेल व्हिलमध्ये या शोधातून एक धंदाच उभा राहिला. कारखान्यातून कापलेले तुकडे घरोघर जात आणि मेणलावल्या दोऱ्याने, दोन सुयांनी, उलट्या बाजूने टाके घालून चेंडू शिवला जाई. शेवटचे काही टाके सर्वांत अवघड, कारण तोवर चेंडू सुलटा केलेला असतो आणि गाठ आत दडवायची असते. हाताची खरी परीक्षा तिथे होते.

याच गावात 15 जुलै 1954 रोजी मारिओ केम्पेस जन्मला. 1978 चा विश्वचषक अर्जेंटिनातच भरला, तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक 6 गोल त्याचे होते. त्यांतले दोन नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यातले. अर्जेंटिना 3-1 ने जिंकली, पहिल्यांदाच जगज्जेती झाली. केम्पेसचे नाव आज कोर्दोबाच्या भव्य मैदानाला आहे. पोलो, तोसोलिनी आणि वाल्बोनेसी ही नावे मात्र फुटबॉलवेड्यांनाही सहसा ठाऊक नसतात. विश्वचषकाच्या चेंडूचे तुकडे आता उष्णतेने चिकटवतात, टाका राहिलेला नाही. झडप मात्र आहे, आणि हवा भरायला आजही सुईच लागते.