बडतर्फ मुख्यप्रधानाची दाद: नागपूरचे डॉ. ना. भा. खरे

पदावरून काढलेल्या माणसापुढे दोनच प्रश्न उभे राहतात. काढणाऱ्याला तो अधिकार होता काय, हा पहिला. आणि आता पुढे करायचे काय, हा दुसरा. जुलै १९३८ मध्ये नागपुरातील एका डॉक्टरापुढे हे दोन्ही प्रश्न एकदमच येऊन ठाकले. पहिल्याचे उत्तर त्याला कोणत्याही न्यायालयात मिळणार नव्हते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात त्याची पुढची वीस वर्षे गेली. हा धागा त्या माणसाविषयी, म्हणजे डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याविषयी आहे.

खरे यांचा जन्म १८८४ चा, पनवेलचा. वैद्यकाचे शिक्षण लाहोरला झाले, पण कर्मभूमी नागपूर. तेथे त्यांनी व्यवसाय केला, काँग्रेसमध्ये काम केले, ‘तरुण भारत’ पत्राशीही त्यांचे नाव जोडले गेले. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले आणि जुलै १९३७ मध्ये खरे मुख्यप्रधान झाले. (तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला ‘प्रीमियर’ म्हणत; आजच्या भाषेत मुख्यमंत्री.)

प्रांत मात्र एकजिनसी नव्हता. जबलपूर, रायपूरकडचा महाकोशल हिंदी भाषक, तर नागपूर आणि वऱ्हाड मराठी भाषक. मंत्रिमंडळातही हीच फाळणी उतरली होती. पंडित रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे तिघे महाकोशलचे. रामराव देशमुख आणि पु. ब. गोळे हे वऱ्हाडचे. कायदामंत्री बॅ. शरीफ यांना एका कैद्यांच्या सुटकेच्या प्रकरणात १९३८ मध्ये जावे लागले आणि आधीच ताणलेले मंत्रिमंडळ अधिकच खिळखिळे झाले.

मे १९३८ मध्ये सरदार पटेल आणि मौलाना आझाद पचमढीला आले. मंत्र्यांमध्ये समेट घडवण्यात आला. तो दोन महिनेही टिकला नाही.

आता येथे थोडे कायद्यात शिरावे लागेल, कारण सारा वाद तेथेच अडकलेला आहे. १९३५ च्या कायद्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणे मंत्र्यांची निवड गव्हर्नर करी आणि गव्हर्नरची मर्जी असेतोवर ते पदावर राहत. त्या कायद्यात ‘काँग्रेस’ हा शब्द कोठेही नव्हता. प्रत्यक्षात मात्र काँग्रेसच्या मंत्र्यांवर देखरेख ठेवण्यासाठी पटेल, आझाद आणि राजेंद्रप्रसाद यांची एक पार्लमेंटरी उपसमिती होती. मंत्र्याचा एक धनी कागदावरचा आणि एक खरा. इंग्लंडच्या राज्यव्यवहारात मुख्यप्रधानाला सहकारी बदलण्याचा अधिकार असतो. खरे यांनी तोच संकेत आपल्याला लागू आहे असे धरले.

जुलैच्या मध्यावर देशमुख आणि गोळे यांनी राजीनामे दिले. २० जुलैला खरे यांनी स्वतःचा राजीनामा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकडे सादर केला. मुख्यप्रधान गेला की मंत्रिमंडळ गेले, हा संकेत. तेव्हा उरलेल्या तिघांनीही राजीनामे द्यावेत, अशी मागणी झाली. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी नकार दिला. पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेवाचून आम्ही पद सोडणार नाही, ही त्यांची भूमिका. तेव्हा २० आणि २१ जुलैच्या मधल्या रात्री गव्हर्नरने ५१ व्या कलमाचा अधिकार वापरून तिघांना बडतर्फ केले आणि खरे यांनाच पुन्हा मंत्रिमंडळ बनवण्यास पाचारण केले. २१ जुलैला नवे मंत्री शपथ घेऊन मोकळे झाले. त्यांत ठाकूर प्यारेलाल सिंह होते आणि रा. गो. अग्निभोज हे दलित मंत्रीही होते.

कायद्याच्या दृष्टीने या सगळ्यात एकही पाऊल चुकलेले नव्हते. राजकारणाच्या दृष्टीने ते जवळजवळ आत्मघातकी होते. ब्रिटिश गव्हर्नरच्या लेखणीने काँग्रेसचे तीन मंत्री काढवून घ्यायचे, आणि तेही नागपुरात! काँग्रेस कार्यकारिणीची बैठक पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्याला भरत होती आणि गांधीजी तेथून हाकेच्या अंतरावर शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहत होते.

बोलावणे आले. काँग्रेसचे अध्यक्ष त्या वर्षी सुभाषचंद्र बोस होते. २३ जुलैला खरे यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला. त्यांचे नवे मंत्रिमंडळ जेमतेम दोन दिवसांचे ठरले. पुढे त्यांना गांधीजींपुढे नेण्यात आले. चूक कबूल करणारे निवेदन त्यांनी काढावे अशी अपेक्षा होती. मसुद्यावर गांधीजींचा हात फिरला. खरे यांनी सही केली नाही. या नकाराचे मोल त्यांना नीट ठाऊक असणार, कारण सही केली असती तर कदाचित वर्षा-दोन वर्षांत परत येण्याची वाट मोकळी राहिली असती.

२६ जुलैला कार्यकारिणीने ठराव केला. खरे यांच्या हातून निर्णयाच्या गंभीर चुका झाल्या असून काँग्रेस संघटनेत जबाबदारीचे पद सांभाळण्यास ते अपात्र आहेत, असा त्याचा आशय. दुसऱ्याच दिवशी वर्ध्यात विधिमंडळ पक्षाने शुक्ल यांना नेता निवडले. सहा दिवसांपूर्वी बडतर्फ झालेला मंत्री मुख्यप्रधान होत होता आणि बडतर्फ करवणारा घरी बसला होता.

खरे यांनी ‘माय डिफेन्स’ नावाची पुस्तिका काढून आपली बाजू मांडली. आपल्यावरचा राग दलित मंत्री घेतल्यामुळेही होता, असा त्यांचा आरोप होता. कार्यकारिणीचा आक्षेप मात्र शिस्तभंगावर आणि गव्हर्नरशी केलेल्या हातमिळवणीवर होता. अग्निभोजांचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे काँग्रेस आणि अस्पृश्य यांवरील आपल्या १९४५ च्या ग्रंथात उचलला. खरे यांनी अग्निभोजांना घेतले ते तत्त्वासाठी की संख्याबळासाठी, हे आज सांगणे कठीण. पण एक दलित मंत्री दोन दिवसांत पदावरून गेला आणि त्याच्या बाजूने त्या बैठकीच्या ठरावात काही नव्हते, ही वस्तुस्थिती उरतेच. मराठी भागात या प्रकरणाने अपमानाची भावना खोल रुजली. १ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याच विधानसभेने वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव केला, त्याची पार्श्वभूमी या उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या भांडणाशिवाय समजत नाही.

मग खरे न्यायालयात का गेले नाहीत? कारण दाद मागण्यासारखे काही हाती नव्हते. राजीनाम्यावर सही त्यांचीच होती. ज्या संस्थेने तो घेतला, तिचा कायद्याच्या लेखी त्यांच्या पदाशी संबंधच नव्हता. आणि ज्याचा संबंध होता त्या गव्हर्नरने तर त्यांना साथच दिली होती. आज एखाद्या पक्षाचे श्रेष्ठी दिल्लीहून मुख्यमंत्री बदलतात, तेव्हाही नेमके हेच घडते. कागदोपत्री तो राजीनामा असतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. काँग्रेसचे दार बंद झालेल्या काँग्रेसवाल्याला काम कोण देणार? ते काम सरकारने दिले. १९४३ मध्ये, ‘चले जाव’चे पुढारी तुरुंगात असताना, खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. पुढे त्याला राष्ट्रकुल संबंधांचे खाते म्हणू लागले. जुन्या सहकाऱ्यांच्या लेखी ही फितुरी होती. पण त्या खुर्चीत त्यांनी केलेले काम क्षुल्लक नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांविरुद्धच्या कायद्यांना उत्तर म्हणून मार्च १९४६ मध्ये भारताने त्या देशाशी असलेला व्यापार करार संपवण्याची नोटीस दिली, तेव्हा हे खाते खरे यांच्याकडेच होते. त्याच वर्षी उन्हाळ्यात ते मंडळ बरखास्त झाले आणि सप्टेंबरात नेहरूंचे हंगामी सरकार आले. त्यात खरे यांना जागा असण्याचा प्रश्नच नव्हता.

एप्रिल १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. संस्थानाच्या वतीने घटना समितीतही बसले. पण त्यांच्या चरित्रातला सर्वांत काळा भाग हाच. त्या वर्षी अलवरमधील मेव मुसलमानांची कत्तल आणि हकालपट्टी झाली, आणि तेव्हा संस्थानाच्या कारभाराचे प्रमुख खरे होते. १९३८ च्या अन्यायाची सहानुभूती बाळगून लिहिणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाता कामा नये. गांधीजींच्या हत्येनंतर आठवड्याभरात, फेब्रुवारी १९४८ मध्ये, भारत सरकारने अलवरचा कारभार हाती घेतला. महाराजांना संस्थानाबाहेर ठेवण्यात आले आणि खरे यांचे पद गेले. ही दुसरी बडतर्फी. या वेळी ठराव नव्हता आणि मसुदाही नव्हता.

१९४९ मध्ये ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले, आणि येथून त्यांचे नाव कायद्याच्या पुस्तकांत शिरते. ३१ मार्च १९५० रोजी दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने त्यांना दिल्लीतून तीन महिन्यांसाठी हद्दपार केले. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, नेहरू आणि लियाकत अली यांची बोलणी व्हायची होती, आणि खरे यांची भाषणे शांततेला धोका आहेत असे सरकारचे म्हणणे होते. याशिवाय आणखी एक आदेश होता. मध्य प्रदेश सरकारने त्यांना नागपुरातच राहण्याचे बंधन घातले. त्या सरकारचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल होते. हा आदेश निकालाआधीच मागे घेतला गेला.

राज्यघटना लागू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. खरे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. अनुच्छेद १९ देशभर संचाराचे स्वातंत्र्य देतो. एका अधिकाऱ्याचे मन भरले की नागरिकाला हाकलता येते, हे निर्बंध ‘वाजवी’ कसे, असा सवाल होता. २६ मे १९५० ला निकाल लागला तो तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश कनिया यांच्यासह तिघांनी कायदा वैध ठरवला: दंडाधिकाऱ्याच्या हुकमाला तीन महिन्यांची मर्यादा आहे आणि तातडीच्या प्रसंगी निर्णय कोणावर तरी सोपवावाच लागतो. न्या. महाजन आणि न्या. मुखर्जी यांना ते पटले नाही. प्रांतिक सरकारच्या हद्दपारीला त्या कायद्यात मुदतच नव्हती, आणि कारणे कळवून म्हणणे ऐकून घेण्याची सक्तीही नव्हती. खरे हरले, पण ‘वाजवी निर्बंध’ म्हणजे काय या चर्चेत ही फूट पुढे अनेकदा आठवली गेली. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने रोमेश थापर यांच्या खटल्यात वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या बाजूने निकाल दिला होता. साम्यवाद्याचे साप्ताहिक सुटले, हिंदू महासभेचा अध्यक्ष दिल्लीबाहेर राहिला.

१९५२ मध्ये खरे ग्वाल्हेरहून लोकसभेवर निवडून आले. चौदा वर्षांनी त्यांना पहिल्यांदाच कोणाच्या मर्जीवर नसलेले पद मिळाले.

अखेरचा सामना १९५७ चा. राष्ट्रपतिपदाची निवडणूक मे महिन्यात होती आणि हिमाचल व पंजाबमधील काही डोंगरी मतदारसंघांतील निवडणुका अजून व्हायच्या होत्या. मतदारमंडळच अपुरे असताना राष्ट्रपती कसा निवडता, असा खरे यांचा अर्ज. न्यायालयाने सांगितले की अशी शंका निवडणूक पुरी झाल्यावरच घेता येते. निवडणूक पुरी झाली, खरे पुन्हा आले. आता उत्तर मिळाले की केवळ नागरिक म्हणून अशी याचिका करता येत नाही. ती उमेदवाराने किंवा कायद्याने सांगितलेल्या संख्येइतक्या मतदारांनी करावी लागते. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला कोणी, केव्हा आव्हान द्यावे, या प्रश्नावर ‘खरे विरुद्ध निवडणूक आयोग’ आजही वाचला जातो.

त्या निवडणुकीत विजयी झालेले उमेदवार डॉ. राजेंद्रप्रसाद होते, १९३८ च्या त्या तिघांच्या उपसमितीतले एक. खरे यांनी दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, आपल्या राजकीय आठवणी इंग्रजीत नागपुरातून छापल्या.