प्रशिक्षक जातो, शैली उरते का?

एखादा प्रशिक्षक क्लबच्या खेळाशी किती एकरूप झाला होता, हे त्याच्या कारकिर्दीतील विजयांपेक्षा त्याच्या निर्गमनानंतर अधिक स्पष्ट होते. गोव्याच्या फुटबॉलमध्ये याची दोन ठळक उदाहरणे आहेत.

पहिले आर्मांदो कुलासो यांचे. सन 2000 ते 2013 अशी सुमारे तेरा वर्षे त्यांनी धेंपो स्पोर्ट्स क्लबची धुरा वाहिली. या काळात क्लबने पाच राष्ट्रीय साखळी विजेतेपदे मिळवली आणि 2008 साली एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा आदी स्थानिक खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र राहिल्याने चेंडू जमिनीवर ठेवून खेळण्याची त्यांची पद्धत मुरत गेली. बेटोची कल्पकता व रँटी मार्टिन्सची गोल करण्याची धार तिला पूरक ठरली. मात्र कुलासो गेल्यानंतर 2014-15 च्या हंगामात धेंपोची आय-लीगमधून पदावनती झाली.

दुसरे उदाहरण एफसी गोवाचे. 2016 साली तळाला राहिलेल्या या संघाची सूत्रे 2017 मध्ये सर्जिओ लोबेरा यांनी स्वीकारली. बार्सिलोनाच्या युवा विभागात घडलेल्या या स्पॅनिश प्रशिक्षकाने आखूड पासेसवर व चेंडूच्या ताब्यावर आधारलेला आक्रमक खेळ रुजवला. पहिल्याच हंगामात संघाने 18 साखळी सामन्यांत 42 गोल केले. 2019 साली सुपर चषक जिंकला. तरीही 31 जानेवारी 2020 रोजी, साखळीतील तीन सामने शिल्लक असताना, क्लबने त्यांच्याशी फारकत घेतली.

खरी कसोटी त्यानंतर लागली. हंगामी सूत्रे क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली. संघाने उरलेले तिन्ही सामने जिंकले, 14 गोल केले आणि लीग विजेत्याची ढाल पटकावली. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. प्रशिक्षक बदलला, तरी खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली पद्धत बदलली नव्हती.

पण त्याच वर्षी लोबेरा मुंबई सिटीत दाखल झाले आणि अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस व मंदार राव देसाई हे चौघेही त्या संघात गेले. 2020-21 मध्ये मुंबईने ढाल व करंडक दोन्ही जिंकले; उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआऊटवर गोव्यालाच नमवले. म्हणजे शैलीचा मोठा अंश खेळाडूंसोबत निघून गेला होता.

तरीही ती पुरती लोपली नाही. नव्या प्रशिक्षकाची निवड करताना क्लबने तोच पिंड शोधला. जुआन फेरांडो यांच्या मार्गदर्शनाखाली 2021 चा ड्युरँड चषक आणि मानोलो मार्केझ यांच्या कार्यकाळात 2025 चा सुपर चषक गोव्यात आला. धेंपोची वीण एका व्यक्तीभोवती होती. एफसी गोवाने शैली हाच प्रशिक्षक निवडीचा निकष मानला. प्रशिक्षक येतील-जातील, क्लबला आपला खेळ कोणता हे ठाऊक असेल, तरच त्यांचे काम टिकेल.