मुक्त नकाशा-विदा : संग्रामपूर तालुका

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा व अंबाबरवा अभयारण्य, तर दक्षिणेस पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. या तालुक्याचा नकाशा कोणालाही विनामूल्य तयार करता येतो. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाची माहिती २०१२ पासून ओडीबीएल या मुक्त विदा-परवान्याखाली मिळते. श्रेय देणे बंधनकारक. जिओफॅब्रिकच्या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची फाइल उतरवून क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडावी किंवा क्विकओएसएम प्लगइनने हवा तेवढाच भाग मागवावा. एका तालुक्यासाठी दुसरा मार्ग सोयीचा.

खरी मेख प्रक्षेपणात आहे. ही विदा अक्षांश-रेखांशांत, म्हणजे अंशांत येते. वान नदीच्या दोन्ही काठांना ५०० मीटरचा पट्टा आखायचा झाल्यास थर आधी यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत जतन करावा. तसे न करता नुसता ५०० आकडा टाकल्यास तो अंश समजला जातो आणि पट्टा निरर्थक ठरतो.

ओपनस्ट्रीटमॅप स्वयंसेवकांच्या हातून घडतो. त्यामुळे एखादी पाणंद, विहीर वा वाडी नकाशात नसली, तर ती जागेवर नाही असे मानू नये. सीमांबाबत अधिकृत अभिलेखच प्रमाण धरावेत. राहिलेल्या जागा भरण्यास स्थानिक शिक्षक व विद्यार्थ्यांइतके योग्य कोणी नाही.