कॅबिनेट: मापांचा आणि उष्णतेचा इतिहास

टेबलावरच्या संगणकाच्या भागांपैकी कॅबिनेटइतके दीर्घायुषी भाग थोडेच असतात. प्रोसेसर काही वर्षांत मागे पडतो, ग्राफिक्स कार्ड त्याआधीच बदलले जाते, मदरबोर्डही नव्या प्रोसेसरबरोबर जातो. परंतु चांगल्या पत्र्याचे, विचारपूर्वक बांधलेले कॅबिनेट एकामागून एक तीन-चार संच आपल्या पोटात सामावून घेऊ शकते. हे शक्य होते, कारण त्याची मूळ मापे गेल्या तीस-चाळीस वर्षांत फारशी हललेली नाहीत. याच काळात संगणकातील उष्णता मात्र कित्येक पटींनी वाढली आणि तिची जागाही बदलत गेली. गोठलेली मापे आणि सरकती उष्णता यांच्यातील ओढाताणीतून कॅबिनेटचा इतिहास घडला आहे, आणि उंची कॅबिनेटची पारख करताना रंग, काच व दिवे यांच्याआधी हाच इतिहास उपयोगी पडतो.

या मापांचा उगम आय.बी.एम. कंपनीच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये आहे. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे तयार झालेला हा संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्याच्या आडव्या पोलादी पेटीत जादा कार्डे खोचण्यासाठी पाच स्लॉट होते, म्हणजे मदरबोर्डवरील लांबट खाचा, आणि त्यांच्यामधील अंतर एक इंच होते. १९८३ मध्ये आलेल्या एक्सटी या पुढच्या आवृत्तीत स्लॉटांची संख्या आठ झाली आणि अंतर ०.८ इंचांवर, म्हणजे २०.३२ मिलिमीटरवर आले. आजही प्रत्येक कॅबिनेटच्या पाठीमागे पत्र्याच्या ज्या पट्ट्या असतात, त्या याच अंतराने बसवलेल्या असतात, आणि एखादे ग्राफिक्स कार्ड ‘तीन स्लॉटचे’ आहे असे विक्रेता सांगतो, तेव्हा तो नकळत एक्सटीच्याच मापाने मोजत असतो. दर्शनी भागातील सव्वापाच इंची कप्पा तर याहून जुना आहे. शुगार्ट कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेल्या लहान फ्लॉपी ड्राइव्हच्या रुंदीवरून ते माप आले. पुढे फ्लॉपी गेली, तिच्या जागी सीडी आणि मग डीव्हीडी आली, तरी कप्प्याची रुंदी तेवढीच राहिली.

पेटी धातूची असण्यामागे मजबुतीइतकेच कायद्याचेही कारण होते. संगणकातील वेगवान विद्युत्स्पंदांमुळे रेडिओ लहरी बाहेर पडतात आणि शेजारच्या दूरचित्रवाणी संचात व्यत्यय आणतात. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९७९ मध्ये या लहरींवर मर्यादा घातल्यानंतर धातूचे सलग आवरण हा त्या अडवण्याचा सर्वांत सोपा उपाय ठरला. प्लास्टिकच्या पेट्यांना आतून धातूचा लेप किंवा अस्तर द्यावे लागे. मूळ आय.बी.एम. संगणकाचा वीजपुरवठा, ज्याला भारतीय बाजारात एसएमपीएस म्हणतात, अवघ्या ६३.५ वॉटचा होता, आणि त्याच्यात बसवलेला एकच पंखा सगळ्या यंत्राला पुरत असे. वारा कोठून आत यावा आणि कोठून बाहेर जावा, हा प्रश्न त्या काळी रचनाकारांपुढे फारसा नव्हता.

१९८४ चा एटी हा संगणक मोठा होता, त्याचा मदरबोर्डही लांबरुंद होता, आणि त्याच्या नकला करणाऱ्या अनेक कंपन्यांनी तीच रचना उचलून लहान केली. आय.बी.एम.ने १९८७ मध्ये पीएस/२ मालिकेतील ६० आणि ८० ही मॉडेले उभ्या पेटीत आणली, आणि टेबलाखाली उभे राहणारे ‘टॉवर’ कॅबिनेट हळूहळू सर्वत्र रूढ झाले. मात्र एटी रचनेत सुरू-बंद करण्याच्या बटणापर्यंत थेट घरगुती विजेची तार नेलेली असे, आणि प्रोसेसर बहुधा लांब कार्डांच्या वाटेत येत असे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे प्रमाण प्रसिद्ध करून हे दोष दूर केले. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा ठरला, मागच्या जोडण्यांसाठी १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची एकच आयताकृती खिडकी आली, स्क्रूंच्या जागा निश्चित झाल्या आणि बटण कमी दाबाच्या संकेतावर चालू लागले. वेगवेगळ्या देशांतील निर्मात्यांचे भाग एकाच पेटीत बिनचूक बसू लागले ते या निर्णयामुळे. एसएमपीएसमधील पंख्याने बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडावी, अशी सूचना सुरुवातीच्या एटीएक्समध्ये होती. परंतु एसएमपीएसमध्ये तापलेली हवा प्रोसेसरला थंड करील, ही अपेक्षा टिकणारी नव्हती, आणि ती लवकरच सोडून देण्यात आली.

नव्वदच्या दशकातील बहुतेक कॅबिनेटे फिकट पिवळसर रंगाची आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पोलादी पत्र्याची असत. पत्रा कापल्यावर त्याची कड दुमडली नाही तर ती सुरीसारखी धारदार राहते, आणि स्वस्त कॅबिनेटांमध्ये ही एक वाढीव क्रिया हमखास टाळली जाई. पत्र्याला आकार देणारे साचे फार महाग असल्यामुळे एकच सांगाडा अनेक कंपन्या वेगवेगळे दर्शनी भाग लावून विकत. २००० च्या सुमारास चिफटेक कंपनीचा एक भक्कम सांगाडा अँटेकसह निरनिराळ्या नावांनी जगभर विकला गेला. आजही हा व्यवहार चालू आहे, म्हणून महाग आणि स्वस्त कॅबिनेटांतील फरक पुष्कळदा बाजूचे पान काढल्यावरच कळतो.

याच सुमारास ‘उंची कॅबिनेट’ ही स्वतंत्र वस्तू जन्माला आली. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या तैवानच्या लियान ली कंपनीने आणि तिच्याबरोबर कूलर मास्टरने संपूर्ण अॅल्युमिनियमची कॅबिनेटे हौशी ग्राहकांसाठी बाजारात आणली. लियान लीचे पीसी-६० हे मॉडेल या वर्गाची ओळख ठरले. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते, त्यावर विद्युत्प्रक्रियेने चढवलेला अॅनोडायझिंगचा थर रंगासारखा उडत नाही, आणि घासून काढलेल्या पृष्ठभागाला एक गंभीर देखणेपण येते. परंतु अॅल्युमिनियम उष्णता चांगली वाहून नेते म्हणून संगणक थंड राहतो, हा त्या काळी पसरलेला समज चुकीचा होता. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा कॅबिनेटच्या भिंतींशी थेट स्पर्शच नसतो, त्यांची उष्णता हवेबरोबर बाहेर जाते, आणि त्या हवेला भिंत कोणत्या धातूची आहे याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. उलट अॅल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच असल्याने पातळ पत्र्याच्या पेट्यांमधून हार्ड डिस्कची घरघर अधिक ऐकू येई. पाच-सात वर्षे हौशी ग्राहकांनी धातूसाठी जी किंमत मोजली, तिचे खरे मोल हाताळण्यातील हलकेपणात आणि कारागिरीत होते.

उष्णतेचा प्रश्न ऐरणीवर आला तो इंटेलच्या पेंटियम ४ मुळे. २००४ मध्ये आलेल्या प्रेस्कॉट आवृत्तीतील वेगवान प्रोसेसर एकटेच शंभर वॉटहून अधिक उष्णता बाहेर टाकू लागले, म्हणजे १९८१ च्या संपूर्ण संगणकाच्या वीजपुरवठ्यालाही ते भारी पडले असते. त्याआधीच इंटेलने कॅबिनेट निर्मात्यांसाठी मार्गदर्शक नियम काढले होते. खोलीचे तापमान ३५ अंश सेल्सिअस असताना प्रोसेसरच्या पंख्याला मिळणारी हवा ३८ अंशांहून गरम नसावी, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी बाजूच्या पानाला छिद्रे पाडून प्रोसेसरपर्यंत एक नळी आणलेली असे. विदर्भातील उन्हाळ्याशी हे गृहीतक ताडून पाहण्यासारखे आहे. नागपूर किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात वातानुकूलन नसलेली खोली दुपारी ३५ अंशांच्या वर सहज जाते, आणि मग कॅबिनेट कितीही महाग असले तरी त्याचा हिशेब चुकलेल्या आकड्यापासून सुरू होतो.

इंटेलने याहून मूलगामी उपायही सुचवला होता. २००४ च्या सुमारास आलेल्या बीटीएक्स या प्रमाणात प्रोसेसर दर्शनी पंख्याच्या अगदी मागे बसे आणि हवा पुढून मागे सरळ रेषेत वाहत जाई. वाऱ्याच्या दृष्टीने ही रचना एटीएक्सपेक्षा निःसंशय सरस होती. डेलसारख्या मोठ्या कंपन्यांनी ती वापरली, पण सुटे भाग जोडून संगणक बांधणाऱ्यांच्या बाजारात ती रुजली नाही. २००६ मध्ये कमी उष्णता सोडणारे कोअर २ प्रोसेसर आले आणि इंटेलने स्वतःच बीटीएक्सचा नाद सोडला. उत्तम मापांपेक्षा रुळलेली मापे बलवान ठरल्याचे हे लख्ख उदाहरण आहे, आणि त्या संधीची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

बीटीएक्सला जे साधले नाही, ते एटीएक्सच्या चौकटीत राहूनच साधण्याचा सर्वांत फलदायी प्रयत्न अँटेकच्या पी१८० या कॅबिनेटमध्ये झाला. २००५ मध्ये आलेले हे कॅबिनेट, शांत संगणकांचा ध्यास घेतलेले कॅनडातील समीक्षक माइक चिन यांच्या सहकार्याने घडले. तोवर एसएमपीएस वरच्या कोपऱ्यात बसत असे आणि प्रोसेसरची तापलेली हवा पिऊन स्वतःचा पंखा जोरात फिरवत असे. आवाजाचे ते मोठे कारण होते. पी१८० मध्ये एसएमपीएस तळाच्या वेगळ्या कक्षात गेला, हार्ड डिस्कही तेथेच आल्या, आणि वरचा कक्ष प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्यासाठी मोकळा राहिला. बाजूची पाने अॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये प्लास्टिक दाबून तयार केलेली होती. असे पान सहज थरथरत नाही, त्यामुळे आवाज जन्मण्याआधीच अडतो. हार्ड डिस्कखाली सिलिकोनच्या मऊ गाद्या होत्या, आणि मोठे १२० मिलिमीटरचे पंखे होते, कारण मोठा पंखा संथ फिरूनही तेवढीच हवा हलवतो. या कॅबिनेटमध्ये दोषही होते. एसएमपीएस तळाशी गेल्याने त्याच्या तारा मदरबोर्डच्या वरच्या टोकाला पुरत नसत, आणि पेटी चांगलीच जड होती. तारांचा प्रश्न पुढच्या आवृत्तीत मदरबोर्डच्या मागून वाट काढून सोडवण्यात आला. खालचा एसएमपीएस आणि मागून जाणाऱ्या तारा या दोन्ही गोष्टी आज स्वस्तातल्या कॅबिनेटांतही आढळतात, त्या या काळातील प्रयोगांमुळेच.

सिल्व्हरस्टोन कंपनीने रेव्हन मालिकेत मदरबोर्ड नव्वद अंशांत फिरवून जोडण्या छताकडे नेल्या आणि तळाच्या मोठ्या पंख्यांनी हवा सरळ वर ढकलली. गरम हवा वर जाते, या कारणाचा जाहिरातींत गाजावाजा झाला. पण एवढ्या लहान पेटीत पंख्याच्या जोरापुढे उष्ण हवेचा स्वाभाविक उठाव क्षुल्लक असतो. रेव्हनचे यश वाट सरळ आणि अडथळ्यावाचून ठेवण्यात होते. अॅपलच्या २००३ मधील पॉवर मॅक जी५ ने तर आतील जागेचे चार स्वतंत्र विभाग करून नऊ पंखे लावले होते. मात्र ती पेटी त्या एका यंत्रासाठीच होती, आणि तिच्यात दुसरा मदरबोर्ड बसवायचा तर पत्रा कापावा लागे.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे सुटे भाग घेऊन ‘असेंबल’ संगणक बांधण्याची परंपरा एटीएक्सच्याच आधारावर वाढली. तेथे दीर्घकाळ कॅबिनेट एसएमपीएससह एकाच किमतीत मिळत असे, आणि जमाखर्च जुळवताना काटछाट प्रथम याच वस्तूवर होई. धूळ आणि कोकणपट्टीतील दमट, खारी हवा पाहता ही काटछाट महागात पडणारी होती. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवली आणि ती गाळणीतून आली, तर फटींमधून धूळ शिरत नाही. म्हणून काढून धुता येणारी गाळणी येथे चैन मानता येत नाही.

२०१० नंतर उष्णतेची जागा पुन्हा बदलली. हार्ड डिस्कची जागा लहान, निःशब्द साठवणीने घेतली, डीव्हीडी ड्राइव्ह अनावश्यक झाला, आणि एनझेडएक्सटी कंपनीने २०१४ च्या एच४४० मध्ये सव्वापाच इंची कप्पा काढूनच टाकला. मोकळ्या झालेल्या दर्शनी भागात पंखे येतील अशी अपेक्षा होती, परंतु त्याच सुमारास कडक काचेची पाने लोकप्रिय झाली, आणि अनेक निर्मात्यांनी दर्शनी भागही बंद करून वाऱ्याला बाजूच्या अरुंद फटींतून यायला लावले. कॅबिनेटच्या इतिहासातील ही सर्वांत अविचारी वर्षे म्हणावी लागतील. ग्राफिक्स कार्डे त्याच काळात अधिकाधिक तापू लागली होती, आणि २०२२ मधील आरटीएक्स ४०९० या एकट्या कार्डाची मर्यादा ४५० वॉटवर पोचली. जाळीचा दर्शनी भाग त्यामुळेच परतला. फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीच्या टॉरेंट या २०२१ मधील कॅबिनेटमध्ये समोर १८० मिलिमीटरचे दोन जाड पंखे आहेत आणि एसएमपीएस पुन्हा वर नेलेला आहे. तळ मोकळा ठेवून ग्राफिक्स कार्डाला खालून ताजी हवा द्यायची, हा त्यामागचा हेतू आहे. पी१८० ने एसएमपीएस खाली नेला आणि टॉरेंटने तो वर आणला, तरी दोन्ही निर्णय आपापल्या काळातील उष्णतेला धरून होते.

२०२३ पासून असुस आणि एमएसआय यांनी तारांच्या जोडण्या मदरबोर्डच्या पाठीमागे नेलेली मॉडेले बाजारात आणली आहेत. दर्शनी बाजू त्यामुळे नितळ दिसते आणि वाऱ्याच्या वाटेतील तारा दूर होतात, परंतु त्यासाठी कॅबिनेटच्या आतील पत्र्याला योग्य जागी मोठी छिद्रे लागतात आणि १९९५ च्या मापांत त्यांना स्थान नाही. असा मदरबोर्ड जुन्या लियान लीमध्ये किंवा पी१८० मध्ये पत्रा कापल्याशिवाय बसणार नाही. म्हणून दीर्घकाळासाठी कॅबिनेट घेणाऱ्याला आता कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरील पंख्याची उंची यांच्या जोडीला मागच्या पत्र्यावरील छिद्रांची जागाही तपासावी लागते.