जयगडचा पडकोट

जयगडला येणारे लोक बालेकिल्ला बघतात नि परत फिरतात. खंदक, दरवाजा, गणपतीचं देऊळ, कान्होजी आंग्र्यांचा म्हणून दाखवतात तो वाडा. फोटो झाले की गणपतीपुळ्याची वाट. खाली पडकोटात उतरायला सहसा कोणी राजी नसतं. खरं म्हणाल तर सगळा किल्ला त्या खालच्या कोटासाठी. शास्त्री नदी तिथे समुद्राला मिळते. संगमेश्वराकडचा माल याच खाडीने खाली यायचा. पलीकडे तवसाळला विजयगड. दोघांच्या मधून गुपचूप गलबत काढणं अवघडच.

किल्ला विजापूरकरांनी सोळाव्या शतकात बांधला, पुढे तो संगमेश्वरच्या नाईकांकडे गेला. हे नाईक इतके शिरजोर झाले की 1583 आणि 1585 साली पोर्तुगीज आणि विजापूरकर, एरवीचे वैरी, एकत्र येऊन त्यांच्यावर चालून गेले. मग आंग्रे आले. जून 1818 मध्ये इंग्रजांनी तो न लढता घेतला. जयबाची गोष्ट मात्र कुठल्या सनावळीत नाही. बुरूज उभा राहीना, म्हणून जयबा नावाच्या पोराने स्वतःचा बळी देऊ केला आणि त्याच्या नावाने हा जयगड, असं म्हणतात. किल्ल्यात त्याचं स्मारक आहे. खरं-खोटं करत बसायला मी जात नाही.

आजा सांगायचा ते मुंबईच्या बोटीचं. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव माणसं घेऊन तिच्याकडे जायचे. चाकरमान्यांचं अर्धं रडणं याच किनाऱ्यावर झालं. रस्ते झाले, बोट बंद झाली, बंदर निजलं.

ते पुन्हा जागं झालं कोळशाने. आंग्र्यांना जे हवं होतं तेच कंपनीला हवं होतं : खोल पाणी आणि वाऱ्याला आडोसा. 300 मेगावॅटचे चार संच, म्हणजे 1200 मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र मंजूर झालं. 2009 साली नवं बंदरही चालू झालं. हापूसवाले बागायतदार दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. राखेने नि धुराने मोहोर जाईल, ही भीती. 2009 मध्येच कोर्टाने आंब्याचा विचार नीट करा म्हणून मंजुरीचं प्रकरण तज्ज्ञ समितीकडे परत धाडलं. त्यामुळे केंद्र काही थांबलं नाही.

आमच्या वाडीतल्या बैठकांत आंबा निघाला, मासळी निघाली, नोकऱ्या तर निघाल्याच. किल्ल्याचं नाव काढलं ते एका दालदी चाचांनी. "आंब्याला वकील गावला, कोटाला कोण गावणार?" लोक हसले. एका साहेबांनी समजावलं, "किल्ला प्रकल्पाच्या हद्दीत येतच नाही हो." बरोबर आहे. प्राचीन स्मारकांचा कायदा 1958 चा. 2010 च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण आलं. पण बंदराचा किल्ला मीटरने मोजायचा कसा? त्याची निम्मी वास्तू म्हणजे समोरचं पाणी. गाळ कुठे सरकला, लाट कुठून वळली, यावर तटाचा पाया टिकतो. खाडी भरून टाकली आणि चिरा न चिरा जपला, तर उरतं ते कुंपण.

खाली वाघोटण खाडीवर, विजयदुर्गाजवळ, गिर्ये गावात आंग्र्यांची गोदी आहे. कातळ फोडून केलेली, सुमारे 109 मीटर लांब, 70 मीटर रुंद. जहाजं बांधायला नि दुरुस्तीला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी 2017 मध्ये जी गावं अधिसूचित झाली, त्यात राजापूर तालुक्यातली चौदा आणि देवगडातली दोन, रामेश्वर नि हेच गिर्ये. लोक उठले ते बागांसाठी, सड्यासाठी, मासेमारीसाठी. 2019 मध्ये अधिसूचना रद्द झाली. गोदीसाठी फारसं कोणी भांडलं नव्हतं, ती बागांच्या पुण्याईवर तरली. जयगडला तेवढं पुण्य कमी पडलं.

प्रकल्पच नको, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आमच्याच घरातली पोरं त्या गेटातून कामाला जातात. मागणी एवढीच आहे, की बंदराचं काम वाढवायचं झालं तर आधी पडकोटाची मोजणी करा, तटाला कुठे भेगा आहेत त्या टिपा, आणि खाडीच्या पाण्याचा हिशोब किल्ल्यासकट मांडा. ग्रामसभेत हे बोललो. समुद्राकडच्या तटात उंबर रुजलाय, त्याचं मूळ मनगटाएवढं झालंय, तेही लिहून दिलं.