फाळक्यावरची सायकल

१९४७ सालचं एक छायाचित्र आहे. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, दोन्ही टोकांना गोलसर, चंदेरी ट्रेलर. आत झोपायला पलंग, रांधायला ओटा. आणि पुढे, जिथे एरवी मोटार जुंपलेली असते तिथे, सायकलवर वाकून पेडल मारणारा एक माणूस.

तो आल्फ्रेड लतूर्नर. फ्रान्समधून येऊन अमेरिकेतल्या सहा-सहा दिवसांच्या शर्यती गाजवणारा सायकलपटू. १७ मे १९४१ रोजी कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ, एका छोट्या रेसिंग मोटारीच्या आडोशाने, त्याने ताशी १०८.९२ मैल म्हणजे सुमारे १७५ किलोमीटरचा वेग गाठला होता. एअरस्ट्रीम कंपनीच्या वॉली बायमला आपला ट्रेलर किती हलका आहे ते लोकांना दाखवायचं होतं, म्हणून त्याने लतूर्नरलाच ट्रेलर ओढायला लावला. पुढे ही आकृती कंपनीचं बोधचिन्ह होऊन बसली.

आज अमेरिकेत सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाकडे पाहिलं तर त्या चित्रातली सायकल जागेसाठी धडपडताना दिसते. पुढे पिकअप ट्रक, मागे कॅम्पर, ट्रकमध्ये चार माणसं आणि त्यांच्या चार सायकली. मोटारीच्या मागे सायकली टांगायच्या हुकात आता कॅम्पर अडकवलेला असतो. मग सायकली न्यायच्या कुठे? या साध्या प्रश्नाच्या मागे शंभर वर्षांची घडामोड आहे, आणि तिच्यात पुन्हा पुन्हा सायकलवाल्यांचेच हात दिसतात.

आधी शब्दांचं बघायला हवं. महाराष्ट्रात ‘कॅम्पर’ म्हटलं की महिंद्राची बोलेरो कॅम्पर डोळ्यांसमोर येते: दोन रांगांची केबिन आणि मागे आखूड हौदा. तिकडचा कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. ‘पिकअप’ हा शब्द मात्र समुद्र ओलांडून अर्थासकट आला. बाजार समितीच्या आवारात कांद्याची पिकअप उभी असते, तीच ही जात.

या जातीचा कारखान्यात झालेला जन्म १९२५ सालचा. त्याआधी अमेरिकेतले शेतकरी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या मागच्या भागावर स्वतःच लाकडी पेट्या ठोकून घेत. फोर्डने ते पाहून २५ एप्रिल १९२५ रोजी पिकअप बॉडीची मॉडेल टी बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर. हौदा ५६ इंच लांब, मागचा फाळका उघडझाप करणारा. अखंड सायकल साधारण साडेपाच फूट लांब भरते, म्हणजे ती त्या हौद्यात सरळ मावत नव्हती. पुढचं चाक काढलं तर मात्र साधी सायकल जेमतेम ५६ इंचांत बसते. हा योगायोग ध्यानात ठेवावा, कारण ‘पुढचं चाक काढलं तर’ या चार शब्दांवरच पुढचा बराच इतिहास फिरतो.

आता कॅम्परकडे वळू. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्ट गावी १८७८ साली जन्मलेला ग्लेन कर्टिस हा तारेचे संदेश वाटणारा सायकलस्वार पोऱ्या होता, मग शर्यतपटू झाला, मग सायकलच्या दुकानाचा मालक. दुकानातून मोटारसायकली आल्या. १९०७ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्मंड बीचवर आठ सिलिंडरच्या मोटारसायकलवरून तो ताशी १३६ मैलांनी गेला. त्यानंतर तो विमानांत शिरला आणि राइट बंधूंचा मोठा प्रतिस्पर्धी ठरला. इथवरची गोष्ट विमानांच्या इतिहासात सापडते. तिचा शेवटचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि या लेखापुरता तोच महत्त्वाचा आहे.

कर्टिसला रानात मुक्काम टाकायची हौस होती. त्यापायी त्याने फिरत्या घरांचे आराखडे केले आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस ‘एअरोकार’ नावाचा ट्रेलर फ्लोरिडात बनू लागला. विमानाच्या सांगाड्यासारखा हलका, आणि जोडणीची युक्ती तर फारच देखणी. ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या भागात हवा भरलेलं एक चाक आडवं निजवलेलं. ट्रेलरच्या नाकाखालची खीळ त्या चाकाच्या मधोमध उतरायची. रस्त्याचे धक्के रबर पिऊन टाकायचं.

अशा जोडणीला इंग्रजी बोलीत ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात, पाचवं चाक. हा शब्द त्याहून जुना, घोडागाड्यांच्या काळातला. चार चाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर लोखंडी कडं आडवं बसवत. जमिनीला न टेकणारं, नुसतं वळणारं चाक, म्हणून पाचवं. गाड्या बांधणाऱ्या लोहारांच्या हातून ते मोटारींकडे आलं. १९१४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराकडे एक लाकूडव्यापारी आपली होडी फोर्ड गाडीमागून न्यायची म्हणून आला. त्या कामातून निघालेल्या वाहनाला फ्रुहॉफने ‘सेमी-ट्रेलर’ नाव दिलं. आज हमरस्त्यावर धावणारे लांबलचक कंटेनर त्याच कुळातले.

घरगुती कॅम्परमध्ये मात्र दोन घराणी पडली. एका घराण्याचा कॅम्पर पिकअपच्या मागे, बंपरखालच्या गोळ्याला अडकतो. दुसऱ्याचं नाक थेट हौद्यावर चढतं आणि हौद्यात बसवलेल्या पाचव्या चाकात रुततं. दुसरी रीत चालवायला स्थिर, वळायला सोपी. पण ती हौदाच गिळून टाकते. सायकल दुकानदाराच्या डोक्यातून निघालेल्या युक्तीच्या वंशजांनी पिकअपमधली सायकलची जागा घेतली, याची चुटपुट लागते खरी.

बराच काळ ही अडचण कुणाला जाणवली नसावी. अमेरिकेत तेव्हा सायकल ही पोरासोरांची चीज होती, आणि पोराची सायकल हौद्यात कुठेही आडवी टाकली तरी भागायचं. चित्र बदललं ते १९७०च्या दशकात. मोठी माणसं सायकल घेऊ लागली. १९७२ मध्ये अमेरिकेत सुमारे १ कोटी ४० लाख सायकली खपल्या, त्या वर्षी खपलेल्या मोटारींपेक्षा जास्त. आणि त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन काउंटीत काही तरुणांनी सायकल डोंगरावर नेली.

त्यांच्या सायकली म्हणजे १९३०-४०च्या काळातल्या श्विन कंपनीच्या जाड टायरच्या, भंगारातून उचललेल्या चौकटी. लतूर्नरने विक्रम केला ती सायकलही श्विनचीच होती. फेअरफॅक्स गावाजवळचा एक वणवा-रस्ता, म्हणजे आग विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला कच्चा रस्ता, दोनेक मैलांत १३०० फूट खाली उतरतो. उलट पेडल मारून लागणारे जुने ब्रेक या उतारावर इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे, त्याला इंग्रजीत म्हणतात ‘रीपॅक’, आणि रस्त्याचं नावच रीपॅक पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही माउंटन बाइकच्या इतिहासातली नावं इथलीच.

खाली यायचं सायकलने. वर जायचं कसं? त्या सायकली विसेक किलोच्या आसपास, चढाला ढकलतच न्यायच्या. पिकअप असली की ढकलणं वाचे. सायकली हौद्यात, माणसंही हौद्यात. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटमधून पर्ल खिंड ओलांडून अॅस्पेनला निघालेल्या टोळक्याच्या सोबतीलाही गाड्या होत्या. माउंटन बाइक आणि पिकअप यांची सोयरीक अशी सुरुवातीपासूनची आहे.

या सोयरिकीतून जी रीत रुळली, तिला फळी लागत नाही की खिळा. सायकल अशी उचलायची की पुढचं चाक फाळक्याच्या बाहेर लोंबेल आणि चौकटीची तिरकी नळी फाळक्याच्या काठावर टेकेल. मध्ये जुन्या सतरंजीचा किंवा गालिच्याचा तुकडा, म्हणजे रंग खरवडत नाही. एकीशेजारी एक अशा पाच-सहा सायकली उभ्या राहतात. पुढे कंपन्यांनी याच तुकड्याची जाड, पट्ट्यांनी आवळायची गादी करून विकायला काढली. ज्याला हे सुचलं त्याचं नाव इतिहासात नाही, पण सायकल वाहून न्यायच्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत सुंदर आहे. फाळका, काठ आणि सायकलचा स्वतःचा तोल एवढ्यावरच तिचं भागतं.

मागे कॅम्पर जोडला की नेमकी हीच रीत घात करते. गोळ्यावर अडकणाऱ्या कॅम्परच्या पुढच्या त्रिकोणी दांडीवर उभा जॅक असतो, त्यामागे गॅसच्या टाक्या. सरळ रस्त्यावर लोंबणारी चाकं आणि जॅक यांत अंतर राहतं. पेट्रोल पंपावर आखूड वळण घेतलं की कॅम्परचा कोपरा ट्रककडे झुकतो आणि आरे चेपतात.

मग लोक सायकली कॅम्परच्या पाठीवर न्यायला बघतात. दिसायला ही जागा मोकळी, म्हणूनच फसवी. बऱ्याच कॅम्परांचा मागचा बंपर म्हणजे चार इंची चौकोनी, पातळ पत्र्याची पोकळ नळी. सांडपाण्याचा पाइप ठेवायला केलेली. शिवाय आसापासून लांबचं टोक खड्ड्यात जास्त उसळतं, त्यामुळे साधा सायकल-स्टँड तिथे हलत हलत तुटतो. कित्येक स्टँड बनवणारे म्हणूनच ट्रेलरच्या मागे लावायला स्पष्ट मनाई करतात.

त्याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण बैलगाडी हाकलेल्या माणसाला ती शिकवावी लागणार नाही. साटीच्या मागच्या अंगाला ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. कॅम्परचंही तसंच. त्याच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर असावा लागतो. तो कमी झाला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. समजा कॅम्पर २३०० किलोचा आहे आणि जोडणीवर २७० किलो भार आहे. दोन बॅटरीच्या सायकली आणि दणकट स्टँड मिळून ८० किलो, आसाच्या मागे ४ मीटरवर. जोडणी आसाच्या पुढे ५ मीटरवर. तर पुढचा भार ६४ किलोंनी उचलला जातो आणि २०६ उरतात. म्हणजे ९ टक्क्यांच्याही खाली.

उरते ती ट्रकच्या टपावरची, कॅम्परच्या दांडीवर टाक्यांच्या वर उंच स्टँड बांधून केलेली, किंवा ट्रकच्या तोंडाशी हूक बसवून केलेली जागा. टपावर चढवायला खांदे मजबूत लागतात आणि कमी उंचीच्या कमानी लक्षात ठेवाव्या लागतात. तोंडाशी लावल्या तर दिवे आणि रेडिएटरची हवा अडते. दांडीवरची सोय चांगली, पण तिथलं वजन थेट जोडणीवर येतं आणि ट्रकची ताकद मोजून घ्यावी लागते. पाचव्या चाकाच्या घराण्यात ही दांडीच नसते.

गोळ्याच्या घराण्यासाठी हौदा मोकळा असतो, आणि तिथेच इटलीतल्या एका सायकलपटूची देणगी कामी येते. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये आल्प्सच्या पायथ्याशी क्रोचे द’आउने खिंडीत बर्फ पडत होतं. तुल्लिओ काम्पान्योलोला शर्यतीत चाक काढायचं होतं, पण गारठलेल्या बोटांनी पंखांच्या चाक्या फिरेनात. अशी कथा सांगतात. काही असो, पोकळ आसातून जाणारी सळई आणि टोकाला एक खटका, ही त्याची युक्ती जगभर गेली, आणि १९३३ मध्ये त्याने व्हिचेंझात कारखाना काढला. पान्यावाचून पुढचं चाक दोन क्षणांत निघू लागलं.

चाक निघालं की सायकलचे दोन्ही फाटे रिकामे होतात. त्यांच्यामध्ये १०० मिलिमीटर अंतर. तेवढ्याच रुंदीचा धातूचा ठोकळा, त्यातून तोच खटका. हौद्याच्या रुंदीएवढी लाकडी फळी कापायची, तिच्यावर दोन-तीन ठोकळे स्क्रूने आवळायचे, फळी केबिनच्या पाठीला भिडवून बांधायची. सायकली घोड्यांसारख्या ओळीत उभ्या राहतात. पुढचं चाक नसल्याने आजच्या साडेपाच फुटी आखूड हौद्यातही फाळका बंद होतो, आणि कॅम्पर कितीही वळला तरी त्याला शिवत नाहीत.

२००८च्या सुमारास माउंटन बाइकचे पुढचे आस जाड झाले, १५ मिलिमीटरचे. फाट्यांना खाचेऐवजी बंद भोक आलं, आणि जुने ठोकळे नव्या सायकलींना निकामी ठरले. म्हणून आता एकाच फळीवर दोन जातींचे ठोकळे दिसतात: वडिलांच्या जुन्या सायकलीसाठी खटक्याचा, मुलीच्या नव्या सायकलीसाठी आरपार आसाचा. काढलेली चाकं शेजारी, चादरीत गुंडाळून.